पश्चिमेची खिडकी

सरकारी नोकराचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते, असे म्हणतात. बदलीचा हुकूम आला की पेट्या भरायच्या आणि नव्या गावी त्या उघडायच्या. कपाट, पलंग, भांडीकुंडी ही सारी नव्या घरात कोठे ना कोठे सामावतात. परंतु जुन्या घरातून आणलेली एक वस्तू नव्या घरात सहसा बसत नाही, ती म्हणजे खिडकीचा पडदा. कधी तो लांबीला कमी पडतो, कधी रुंदीला. पण लांबीरुंदी जमली तरी तो त्या गावच्या उन्हाला जमेल की नाही, हा विचार आपल्यापैकी फारच थोडे लोक करतात. मीही केला नव्हता.

२०२४ च्या आरंभी माझी बदली बंगळूरला झाली आणि राजाजीनगरात आम्ही भाड्याचे घर घेतले. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाची ही वसाहत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत उभी राहू लागली. बंगळूर म्हणजे थंड हवेचे गाव, ही समजूत आम्हीही बरोबर आणली होती. आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या गावाविषयी ती अगदीच खोटीही नाही. माझी आई नागपूरची, वय अठ्ठ्याहत्तर. घरातील सर्वांत शांत खोली आम्ही तिला दिली. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती पश्चिमेला होती.

एप्रिल लागला. २८ एप्रिलला शहरात ३८.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. आईने तक्रार केली नाही. तिने फक्त आपली चटई उचलली आणि दुपारची ती मधल्या बोळात टाकू लागली. चार दिवसांनी माझ्या ध्यानात आले की आपण आईला खोली दिली आहे खरी, पण राहता येण्याजोगी दिलेली नाही.

मग घरात चर्चा सुरू झाली. जाड, गडद कापडाचे पडदे लावावेत, असे पत्नीचे मत पडले. मुलाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे व्हेनिशियन ब्लाइंड हवे होते. आई म्हणाली, ‘वाळ्याची ताटी लावा आणि तिच्यावर पाणी मारा, म्हणजे झाले.’ तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. आमच्या खिडकीला त्यांतले कोणते लागू पडते, एवढाच प्रश्न होता.

प्रथम उन्हाचा हिशोब पाहू. बंगळूर सुमारे १३ अक्षांशावर आहे. त्यामुळे २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट या दिवसांच्या आसपास भर दुपारी सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी ऊन छपरावर पडते. उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीला त्याचा उपद्रव जवळजवळ नसतो. खरा प्रश्न पूर्व आणि पश्चिम या दिशांचा. त्यातही सकाळी हवा गार असते आणि भिंती रात्रभर निवालेल्या असतात, म्हणून पूर्वेचे ऊन सोसवते. पश्चिमेचे ऊन मात्र आधीच तापलेल्या घरात शिरते. आमच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा आहे. एप्रिलअखेर दुपारी चार वाजता त्याची सावली खिडकीवर जेमतेम दीड फूट उतरते आणि पाच वाजता त्याहून कमी. सूर्य खाली आला की छज्जा निरुपयोगी ठरतो. चार फूट रुंद आणि पाच फूट उंच अशा उघड्या काचेतून त्या वेळी जे ऊन आत येते, त्याची उष्णता सुमारे एक हजार वॉटच्या विजेच्या शेगडीइतकी भरते. वैशाखात आईच्या उशाशी शेगडी पेटवून ठेवावी, तसाच हा प्रकार!

आता पडदा काय करतो ते पाहू. काच ऊन सहज आत घेते. पण त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता तितक्या सहजपणे बाहेर जाऊ देत नाही. आतल्या बाजूचा गडद पडदा ऊन अडवतो हे खरे. परंतु अडवताना तो स्वतः तापतो. त्याच्या आणि काचेच्या मधली हवा गरम होऊन वर चढते आणि पडद्याच्या माथ्यावरून खोलीत येते. उजेड कमी होतो म्हणून गारवा वाटतो, पण उष्णता घरातच राहते. याला उपाय आहे. पडद्याला काचेकडून पांढऱ्या सुती कापडाचे अस्तर लावावे, म्हणजे बरेचसे ऊन काचेतून परत फिरते. आणि माथ्याची फट झाकावी. तरीही पडद्याचा एक दोष उरतो. तो ऊन अडवतो तसा वाराही अडवतो.

पट्ट्यांच्या ब्लाइंडचा गुण नेमका येथे आहे. पट्ट्या तिरप्या केल्या की थेट ऊन अडते, उजेड छताकडे वळतो आणि फटींतून वारा खेळत राहतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि घामाने जीव हैराण होतो. तेथे वारा अडवणारा जाड पडदा म्हणजे स्वतःहून ओढवलेली शिक्षा. तेथे पट्ट्याच बऱ्या. पण त्यांनाही काही पथ्ये आहेत. पट्ट्यांवर धूळ साचते आणि एकेक पट्टी पुसावी लागते. सूर्य अगदी खाली उतरला की पट्ट्या जवळजवळ मिटाव्या लागतात. आणि ज्या घरात लहान मूल आहे, तेथे लोंबती दोरी कधीही ठेवू नये. ती मुलाच्या गळ्यात अडकून जीव गेल्याची उदाहरणे अनेक देशांत घडली आहेत.

राहिली वाळ्याची ताटी. ओल्या वाळ्यातून कोरडी हवा आली की पाणी वाफ होताना तिच्यातली उष्णता घेते आणि सुगंधी गारवा आत येतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्यासारखा उपाय नाही; दमट मुंबईत तो फुकट जातो. बंगळूरची एप्रिलमधली दुपार कोरडी असते, म्हणजे आईचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. परंतु त्या वर्षी शहरात पाणीच नव्हते. कितीतरी विंधन विहिरी आटल्या होत्या. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुण्यास आणि बागांना पिण्याचे पाणी घालण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला होता. शेजारी टँकरची वाट पाहत असताना आपण ताटीवर पाणी मारावे, हे आईलाच पटले नाही. तिने आपली सूचना आपणहून मागे घेतली.

अखेर उत्तर मिळाले ते रस्त्यावर. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांत खिडकीच्या वर, भिंतीबाहेर, उभ्या लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपडी दिसतात. इंग्रजीत त्यांना ‘मंकी टॉप’ म्हणतात. ती पाहताना माझ्या लक्षात आले की जुन्या गवंड्या-सुतारांनी ऊन काचेच्या बाहेरच अडवले होते. बाहेर अडवलेले ऊन घरात येतच नाही. आत अडवलेले ऊन पाहुण्यासारखे ओसरीवर थांबते, पण जात नाही.

आम्ही बांबूच्या कामट्यांचा साधा चिक आणला. खिडकीची झडपे बाहेर उघडतात, म्हणून घरमालकांच्या परवानगीने तो छज्जाच्या कडेला टांगला. खालची टोके गजांना बांधली, कारण मे महिन्यातल्या वादळी सरी कामट्या मोडून टाकतात. आभाळ भरून आले की चिक गुंडाळायचा, हा नियम केला. आत पांढऱ्या अस्तराचा सुती पडदा लावला. दुपारी दोन्ही सोडायचे आणि दिवस मावळला की दोन्ही वर करून खिडकी उघडायची. बंगळूरची रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी निवते. तो गारवा घरात साठवला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणताही पडदा पुरा पडत नाही. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीला उत्तरेचा उजेड आहे; तेथे त्याच्या आवडीचे ब्लाइंड लागले.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात कापडाचा रंग पाहण्यापूर्वी घरी चार प्रश्न विचारावेत. खिडकी कोणत्या दिशेची? हवा कोरडी की दमट? त्या खोलीला वारा हवा की अंधार? आणि दुपारी तेथे राहणार कोण? यांतला शेवटचा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारला, तो खरे म्हणजे सर्वांत आधी विचारायला हवा होता. चिक लागल्यावर तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलो, तो मधला बोळ रिकामा होता. चटई आईच्या खोलीत होती, आणि आई झोपली होती.