कानाला पापणी नसते

मागच्या व्याख्यानात आपण स्वातंत्र्याच्या मर्यादांविषयी बोललो. आज तोच प्रश्न जरा रस्त्यावर आणून पाहू.

नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत, तो झोपेतही जागाच असतो. आवाजाने आपल्याला जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. आणि आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

आता डेसिबलचा हिशेब बघा. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते, २० वाढले तर शंभरपट. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीजवळ आकडा सहज १०० च्या पुढे जातो. म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या तीस हजारपटीहून जास्त!

शोपेनहॉवरने १८५१ मध्ये चाबकाच्या फटकाऱ्यांवर चिडून निबंध लिहिला, कारण त्याने विचारांची साखळी तुटते. त्याची तक्रार विचारवंतांपुरती होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती सगळ्यांची केली : बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही.

हे सगळं आम्हाला पाठ होतं. तरी एका गणेशोत्सवात शेजारच्या इमारतीतले गृहस्थ, हृदयाची शस्त्रक्रिया होऊन नुकतेच घरी आलेले, रोज संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून बसत, आणि आम्ही चार दिवस गप्प राहिलो. वर्गणी आम्हीही दिली होती ना! शिवाय ‘यांना सणच नको’ असं कुणी म्हणेल ही धास्ती. पाचव्या दिवशी गेलो. मुलं म्हणाली, "काका, आधी सांगायचं की!" आवाज उतरला. विसर्जनाला मात्र पुन्हा चढला, हेही सांगायला हवं.

म्हणून आम्हाला वाटतं, गोंगाट करणारे थोडेच असतात, तो टिकतो आपल्या गप्प बसण्यावर. शांततेसाठी आधी आपल्यालाच तोंड उघडावं लागतं. ते आपण कधी उघडणार, एवढं आज घरी जाताना ठरवा.