गावाला गेलेले पर्यटक

जून महिन्यात शाळा उघडली की लालबाग-परळकडच्या एखाद्या वर्गात दोन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला प्रश्न, ‘सुटीत पर्यटनाला कोण कोण गेले होते?’ थोडे हात वर होतील. कुणी महाबळेश्वर सांगेल, कुणी गोवा. दुसरा प्रश्न, ‘सुटीत गावाला कोण कोण गेले होते?’ आता बहुधा बरेच जास्त हात वर होतील, आणि गुहागर, राजापूर, कणकवली, मालवण अशी नावे एकदम ऐकू येतील. मुलांच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे प्रवास आहेत. फिरायला जाणे वेगळे आणि गावाला जाणे वेगळे. मोठ्यांनाही तसेच वाटते. गिरगावातल्या चाळीतून गणपतीला राजापूर तालुक्यातल्या आपल्या घरी निघालेल्या गृहस्थाला ‘पर्यटनाला निघालात का?’ असे विचारले तर तो रागावेल.

पण पर्यटनाचे मोजमाप करणाऱ्यांना या रागाची पर्वा नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने १९९३ साली पर्यटनाच्या आकडेवारीसाठी काही व्याख्या मान्य केल्या, आणि २००८ साली त्यांत सुधारणा केल्या. त्यांचे सार असे : जो माणूस आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर जातो, तिथे एक वर्षापेक्षा कमी काळ राहतो, आणि तिथल्या कुणाची नोकरी करून पगार मिळवणे हा ज्याचा हेतू नाही, तो पाहुणा. त्याने तिथे रात्र काढली तर तो पर्यटक. मौजमजा हीच अट कुठेही नाही. नातेवाईकांना भेटणे, तीर्थयात्रा, औषधोपचार ही कारणेही चालतात. दुसरे घर असलेल्या ठिकाणी सुटीसाठी जाणेही सामान्यतः पर्यटनातच धरले जाते. तेव्हा वर्षातून एकदा सहा दिवसांसाठी वडिलोपार्जित घर उघडणारा आपला चाकरमानी या व्याख्येत चपखल बसतो.

व्याख्येत बसला, तरी मोजणीत मात्र तो सापडत नाही. राज्याराज्यांतील देशांतर्गत पर्यटकांचे आकडे मुख्यतः हॉटेले, लॉज, विश्रामगृहे यांच्या नोंदींवरून गोळा होतात. पडवीत चटई टाकून झोपलेल्या पाहुण्याची नोंद कोणत्या रजिस्टरात व्हावी? मोजणीची दुसरी रीत म्हणजे निघण्याच्या ठिकाणी, घरोघर जाऊन विचारणे. राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने जुलै २००८ ते जून २००९ या काळात अशी पाहणी केली, तेव्हा देशभरातल्या मुक्कामी प्रवासांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रवास सामाजिक कारणांसाठी, म्हणजे नातलग, लग्नकार्य अशा निमित्तांनी झालेले आढळले. निव्वळ सुटी आणि मौज हे कारण शंभरात पाच किंवा त्याहूनही कमी प्रवासांचे होते. म्हणजे आपण ज्याला पर्यटन म्हणतो तो या प्रवासांचा एक लहानसा कोपरा आहे, आणि फलक, सवलती, योजना बहुतेक त्या कोपऱ्यासाठीच असतात.

आता कोकणाकडे वळू. मुंबईच्या नकाशावर पाहिले तर रत्नागिरी काही फार लांब नाही, रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. तरीही हा प्रदेश कित्येक पिढ्या दुर्गम राहिला, कारण दुर्गमता किलोमीटरमध्ये मोजायची नसते, ती तासांत मोजायची असते. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत नद्या पूर्व-पश्चिम वाहतात, खाड्या आत घुसलेल्या आहेत, आणि आपला रस्ता मात्र उत्तर-दक्षिण जाणारा. प्रत्येक नदी, प्रत्येक खाडी त्याला आडवी. म्हणून पूर्वी समुद्रमार्गच सोपा होता. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत दक्षिणेस जाई. बोट बाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. त्यामुळे बोटीच्या काळात गावाला जाण्याचा खरा हंगाम शिमगा आणि वैशाख. भाद्रपदात जायचे म्हणजे रेल्वेने कोल्हापूर गाठून मग घाट उतरायचा, असला द्राविडी प्राणायाम. भाद्रपदातल्या गर्दीला आजचा आकार आला तो एसटीमुळे आणि पुढे रेल्वेमुळे.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. ज्या नद्या आणि डोंगर आडवे येत होते त्यांवर सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे हे उत्तर होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. दादरला पहाटे गाडीत बसलेला माणूस दुपारी कणकवलीत जेवू लागला.

प्रवासाचा वेळ घटला की दोन गोष्टी घडतात. प्रवासी वाढतात हे कुणीही सांगेल. दुसरी गोष्ट पटकन ध्यानात येत नाही : मुक्काम लहान होतो. जाण्यायेण्याचा त्रास ही एक ठरलेली किंमत असते. ती मोठी असेल तर ती वसूल होईपर्यंत माणूस राहतो. गिरणी कामगार रजा घेऊन गावी जाई तो महिना-महिना. आज त्याचा नातू चार-पाच दिवसांत परततो, पण एखादेवेळी वर्षातून तीनदा जातो. दोघांपैकी कोण मोठा पर्यटक? फेऱ्या मोजल्या तर नातू, राहिलेल्या रात्री मोजल्या तर आजोबा. म्हणून पर्यटनाच्या अभ्यासात ‘व्यक्ति-रात्र’ हे एकक वापरतात. एक माणूस दहा रात्री राहिला किंवा दहा माणसे एक रात्र राहिली, दोन्हीकडे दहाच व्यक्ति-रात्री. वर्तमानपत्रातला ‘पर्यटक इतक्या टक्क्यांनी वाढले’ हा मथळा वाचताना नेमके काय वाढले, हे विचारण्याची सवय मुलांना लागली तर बरे.

आकड्यांची आणखी एक गंमत पंचांगात दडलेली आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून गणेश चतुर्थी इंग्रजी तारखेने दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. आता कुणी २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांच्या ऑगस्ट महिन्यांतली कोकणातली गर्दी शेजारी ठेवली, तर प्रचंड वाढ दिसेल, आणि सप्टेंबर शेजारी ठेवले तर घट दिसेल. खरे म्हणजे तिथी तीच, तारीख तेवढी सरकली. चीनमध्येही चांद्र नववर्षाला शहरांतले कोट्यवधी कामगार गावी जातात, आणि तो सण कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत येतो. तिथले सरकार कारखान्यांच्या उत्पादनासारखे आकडे या दोन महिन्यांचे एकत्रच जाहीर करते. आपल्याकडेही श्रावण-भाद्रपदाचे आकडे तिथीवार लावून पाहायला हरकत नसावी.

खरा प्रश्न मात्र सरासरीचा आहे. हिशेबापुरते एक गाव धरू. कायमची वस्ती ४००. गणपतीत ६०० पाहुणे ८ रात्री राहतात, म्हणजे ४८०० व्यक्ति-रात्री. मे महिन्यात २५० पाहुणे २० रात्री, म्हणजे ५०००. शिमग्याला २०० पाहुणे ५ रात्री, म्हणजे १०००. एकूण १०,८००. यांना ३६५ ने भागले तर रोज सरासरी तीसही पाहुणे येत नाहीत. चारशेंच्या गावाला तीस पाहुणे जड कसले? पण या गावात तीस पाहुणे असा दिवस वर्षात एकदाही उगवत नाही. एक तर कुणीच नसते, नाही तर गाव दीडपट-अडीचपट झालेले असते.

त्यातून निसर्गाने या दोन्ही हंगामांशी जणू वैर धरले आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण जांभा दगड सच्छिद्र. पाणी त्यातून झटकन झिरपते आणि उतारावरून झऱ्यांच्या वाटे निघून जाते. नद्या आखूड आणि उताराच्या, त्या काही दिवसांतच पाणी समुद्रात नेऊन सोडतात. पाणी धरून ठेवणारे काहीच नसल्याने विहिरींची पातळी वैशाखात तळ गाठते, आणि नेमका तेव्हाच मुंबईकर येतो. आपल्या गावाचे गणित पुढे नेऊ. ग्रामीण नळयोजनांचे माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ४०० माणसांना २२,००० लिटर. शहरी सवयीचे माप १३५ लिटर. त्या सवयीचे २५० पाहुणे आले तर त्यांनाच ३३,७५० लिटर हवेत. एकूण मागणी ५५,७५० लिटर, म्हणजे अडीचपट, आणि तीही विहीर सर्वांत रिकामी असताना.

भाद्रपदात पाण्याचा प्रश्न नसतो, तेव्हा अडते ते वाटेत. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, पुढे समोरून येणारी गाडी जाईपर्यंत स्थानकात थांबणे आलेच. एकेरी मार्गाची क्षमता त्यातल्या सर्वांत वेळखाऊ टप्प्यावर ठरते. समजा, दोन स्थानकांमधला असा टप्पा पार करायला एका गाडीला २० मिनिटे लागतात, तर दिवसाच्या १४४० मिनिटांत दोन्ही दिशांच्या मिळून जास्तीत जास्त ७२ गाड्या जातील. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रक वेगळे असते. तोच टप्पा ३० मिनिटांचा झाला तर ७२ च्या ४८ होतात. गणपतीची गर्दी या मंद वेळापत्रकाच्या काळातच येते. २०२५ साली रेल्वेने गणपतीसाठी ३८० जादा फेऱ्या जाहीर केल्या आणि एसटीने सुमारे ५००० जादा गाड्यांची तयारी केली. एवढे करूनही लोक उभ्याने गेले. महामार्गाच्या रुंदीकरणाबद्दल इथे न लिहिलेलेच बरे, कारण ते काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याच्या कहाण्या वाचकांना ठाऊक आहेत.

गर्दीचा उच्चांक आणि सोयीचा नीचांक असे एकाच वेळी येतात, आणि वार्षिक सरासरी या दोन्हींवर पांघरूण घालते. जनगणनाही मदत करत नाही, कारण ती फेब्रुवारीत होते आणि नेहमीच्या रहिवाशांना मोजते. तिच्यातून दुसरे काही मात्र कळते. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : रत्नागिरी (१६,९६,७७७ वरून १६,१५,०६९), सिंधुदुर्ग (८,६८,८२५ वरून ८,४९,६५१) आणि मुंबई शहर (३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११). म्हणजे निघण्याची जागा आणि पोहोचण्याची जागा, दोन्ही ओसरत आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे सरकली. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनाच्या काळानंतर दिव्याहून सुटू लागली, तेव्हा दादरकरांनी केलेली तक्रार रास्तच होती. पण गाडीचे प्रवासीही बऱ्याच प्रमाणात आधीच त्या बाजूला गेले होते, हेही खरे.

गावाकडच्या रिकाम्या होत चाललेल्या घरांत आता दुसरा पाहुणा येऊ लागला आहे, पैसे देणारा. पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत घरातल्याच खोल्या पाहुण्यांना देता येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे उदाहरण घेण्यासारखे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मुंबई-पुण्याचे लोक येऊन गावकऱ्यांच्याच घरी राहू लागले. हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिलचा आहे. तो ना ऐन मे महिन्यातला, ना भाद्रपदातला, आणि मला यातली हीच बाब सर्वांत मोलाची वाटते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर प्रत्येक मुलाकडून एका वर्षाचा तक्ता भरून घ्यावा. गाव कोणते, किती जण गेले, किती रात्री राहिले, कशाने गेले, कुठे झोपले, तारीख कोणती आणि तिथी कोणती. शेवटचा रकाना पाण्याचा ठेवावा : तेव्हा पाणी नळाचे होते, विहिरीचे की टँकरचे. हाच तक्ता आजी-आजोबांना विचारून, ते दहा-बारा वर्षांचे असतानाच्या एखाद्या वर्षासाठीही भरावा. दोन्ही तक्त्यांतल्या व्यक्ति-रात्रींची महिनावार बेरीज करून आलेख काढला, आणि ज्या महिन्यांत पाणी टँकरचे होते ते लाल पेन्सिलीने रंगवले, तर चाळीस मुलांच्या वर्गात हे काम दोन तासिकांत होते.