पस्तिशीत दातांना तार लावली, आता कामावर कधी जायचं?

दातांना तार म्हणजे शाळकरी मुलांची गोष्ट, हा समज आता मागे पडत चाललाय. शिक्षक, नर्स, बँकेतले कर्मचारी, दुकानदार असे पस्तिशी-चाळिशीतले लोकही क्लिप लावून कामावर दिसतात. कित्येक घरांत आधी लेकीचे दात सरळ होतात आणि मग आईच्या मनात येतं की आपणही करून घ्यावं का? वय आड येत नाही. हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड निरोगी असेल तर दात मोठेपणीही सरकतात. जबड्याची वाढ मात्र थांबलेली असते, म्हणून त्याची ठेवण नुसत्या तारेने बदलत नाही. खरी अडचण असते कामाची. रजा किती दिवस लागेल, बोलता येईल का, लोक काय म्हणतील, या प्रश्नांपायी माणसं वर्षानुवर्षं चालढकल करतात.

सरळ सांगायचं तर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. पण तार बसवायचा दिवस आणि वेळ विचार करून निवडायला हवी. आमच्या मते इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

तार बसवताना फारसं दुखत नाही. दात स्वच्छ करून, सुकवून त्यावर एक आम्लयुक्त जेल लावतात. मग ब्रॅकेट चिकटवून निळ्या उजेडाने घट्ट करतात आणि त्यातून निकेल-टायटॅनियमची बारीक तार ओवतात. तास-दीड तासात काम होतं. खुर्चीतून उठताना वाटतं, एवढंच होतं होय! दुखणं सुरू होतं ते चार-सहा तासांनी. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. तारेचा दाब पडला की तो एका बाजूने चेपला जातो, तिथे सूज आणणारी रसायनं तयार होतात आणि त्यांच्यामुळेच पुढे हाड झिजून दाताला सरकायला जागा मिळते. म्हणजे ही वेदना उपचार सुरू झाल्याची खूण असते. ती साधारण चोवीस तासांनी कळसाला पोहोचते, दोन-तीन दिवसांत उतरायला लागते आणि आठवड्याभरात बहुतेकांची जवळजवळ संपते.

आता हिशोब करा. रविवारी संध्याकाळी तार लावली तर सगळ्यात वाईट वेळ सोमवारी, नेमकी कामाच्या गर्दीत येते. तेच काम शनिवारी सकाळी केलं तर रविवार घरी सोसता येतो आणि सोमवारी माणूस बऱ्यापैकी सावरलेला असतो. मालेगावसारख्या ठिकाणी, जिथे कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असते, तिथे गुरुवारची सकाळ सोयीची. रोजंदारीवाल्यासाठी हा एक दिवस म्हणजे हातातली मजुरी असते, म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नये. काहींना दाढांवर धातूची कडी बसवायची असते. त्यासाठी काही दिवस आधी दाढांच्या फटीत रबरी रिंगा घालतात आणि त्याही दुखतात. दोन्ही तारखा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

गोळीचंही तसंच. दुखायला लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा कोणती गोळी, किती आणि कधी घ्यायची हे निघतानाच विचारून घ्या. बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात, कारण आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं दात सरकवणाऱ्या त्याच रसायनांना अडवतात. ॲसिडिटी, किडनी किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने काही घेऊच नये. रमजान तोंडावर असेल तर पहिली तार ईदनंतर लावलेली बरी. रोज्यात दिवसा गोळी घेता येत नाही, आणि दुखऱ्या दातांनी इफ्तारला खजूर चावणंही जिवावर येतं.

बोलण्याची भीती सगळ्यांना असते, पण ती वाटते तेवढी खरी नसते. नेहमीच्या क्लिपा दाताच्या बाहेरून असतात आणि जीभ काम करते आतून. त्यामुळे अडखळतात ते मुख्यतः ओठ. ते ब्रॅकेटवर अडकतात, तोंड कोरडं पडलं की जास्तच. 'स', 'फ', 'व' सुरुवातीला थोडे ओबडधोबड येतात. क्लिप आतल्या बाजूने लावली असेल तर मात्र जिभेलाच अडथळा होतो आणि सवय व्हायला जास्त दिवस लागतात. फोनवर बोलण्याची नोकरी असलेल्यांनी हा फरक क्लिपचा प्रकार ठरवतानाच लक्षात घ्यावा.

मकतबात किंवा मदरशात शिकवणाऱ्यांना वेगळीच काळजी असते: मखरज बिघडेल का? 'फ़ा' हे अक्षर वरच्या पुढच्या दातांच्या कडा आणि खालच्या ओठाची आतली बाजू यांच्या स्पर्शातून निघतं, म्हणून बाहेरच्या क्लिपमुळे ते पहिल्या आठवड्यात थोडं जड जाऊ शकतं. 'सा', 'ज़ाल', 'ज़ा' यांत जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतं. तिथे बाहेरचे ब्रॅकेट फारसे मध्ये येत नाहीत. उपाय सगळ्यांना एकच. सुट्टीच्या दिवशी घरी पंधरा-वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, मग ते वर्तमानपत्र असो की तिलावत. ओठांना नवी जागा अशीच समजते. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाकायचं की दातांना तार लावलीय. मुलांचं कुतूहल पाच मिनिटांत संपतं. मोठ्यांचं जरा लांबतं, 'या वयात कशाला?' असं एखादा विचारतोच. त्याला लांबलचक खुलासा द्यायची गरज नाही.

दुखणं आठवड्यात संपलं तरी ओठ-गाल सोलवटणं आणखी काही दिवस चालतं. आतली कातडी नव्या धातूला घासून छाले येतात. दवाखान्यातून मेणाची छोटी डबी मिळते, ती खिशात किंवा पर्समध्ये हवीच. ब्रॅकेट कापसाने कोरडा करून त्यावर वाटाण्याएवढा गोळा दाबला की झालं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनीही आराम पडतो. यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागणाऱ्यांना किंवा उन्हात काम करणाऱ्यांना मेण आणि पाणी दोन्ही जास्त लागेल.

डब्याचा विचार आदल्या रात्रीच करा. पहिले तीन-चार दिवस मऊ खिचडी, दही-भात, उपमा, डाळीत कुस्करलेली पोळी, उकडलेलं अंडं, शोरबा, मऊ शिजवलेला खिमा यावर निभतं. नळी चोखणं, हाडाचं मटण दातांनी तोडणं, कडक भाकरी, चिक्की, फुटाणे, सुपारी हे उपचार संपेपर्यंत बंद. एका सुपारीच्या खांडाने ब्रॅकेट निघतो आणि तो परत चिकटवायला पुन्हा अर्धा दिवस जातो. सफरचंद, पेरू कापून खा. दावतीत बिर्याणी चालेल, फक्त बोटी सोडवून. हळदीने ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर पिवळे पडतात. त्याने नुकसान काही नाही, पण लोकांसमोर उभं राहायचं असेल तर राखाडी रंगाचे रबर मागा.

जेवल्यावर तोंड साफ केल्याशिवाय कामावर बसू नये. तारेत अडकलेला घास समोरच्याला दिसतो हे एक, आणि तो तसाच राहिला तर ब्रॅकेटभोवती दातावर पांढरे डाग पडतात. तार निघते, डाग सहसा पूर्ण जात नाहीत. जोहरच्या वुजूत तोंडात पाणी घेतोच, तेव्हा ते जोरात खळखळवलं तर मोठे कण निघून जातात. पण तेवढ्याने भागत नाही, फटीत जाणारा बारीक ब्रश लागतोच. मिसवाकची सवय असेल तर हलक्या हाताने करा. तारेखालच्या कोपऱ्यात तिचे तंतू नीट पोहोचत नाहीत, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश सोडू नका. मिशरी आणि तंबाखू मात्र सोडाच. मोठ्या वयात हिरड्या आधीच कमजोर असू शकतात, त्यात शुगर असेल तर आणखी. आधी हिरड्यांचा उपचार, मग तार, हा क्रम चांगला डॉक्टर कधी मोडत नाही.

डॉक्टर निवडताना बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्सचं एमडीएस केलेला आहे का, ते पाहा. खर्च झेपत नसेल तर मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, पुण्यात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय अशा ठिकाणी चौकशी करा. खासगी दवाखान्यापेक्षा तिथे साधारण कमी पैसे लागतात. पण ओपीडी दिवसा, कामाच्या वेळेत असते. दर चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. म्हणजे वीस महिन्यांच्या उपचारात चौदा ते एकवीस फेऱ्या, आणि तेवढे अर्धे दिवस. ज्याची मजुरी तासावर कापली जाते त्याने हा हिशोब फीमध्ये मिळवूनच तुलना करावी. कधीकधी संध्याकाळी उघडणारा, हप्ते घेणारा जवळचा दवाखाना स्वस्त पडतो.

कामावर असताना ब्रॅकेट सुटला किंवा तारेचं टोक टोचायला लागलं तर घाबरून सगळं टाकून पळायची गरज नाही. मेण लावा, फोन करून वेळ घ्या, तार स्वतः कापू नका. सुटलेला ब्रॅकेट गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो, तरी डॉक्टरांना कळवा. खोकला थांबेना किंवा श्वास अडकला तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा. आठवडा उलटूनही एकाच दातात ठणका असेल, चेहऱ्यावर सूज किंवा ताप आला असेल, तर तो नेहमीचा त्रास नव्हे, त्याच दिवशी दाखवा. पुढच्या प्रत्येक भेटीत तार बदलली की एक-दोन दिवस दात पुन्हा हुळहुळतील. त्या तारखाही शनिवारी सकाळच्याच मागून घ्या.