डोळे मिटून पाहिलेले बेथलेहेम

जळगावहून अजिंठ्याला निघालेली गाडी जामनेर तालुक्यातल्या पहूरवरून फर्दापूरकडे जाते. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहून साधना करावी, त्यासाठी अजिंठ्याच्या लेण्यांतले विहार कोरले गेले. ध्यान म्हटले की खानदेशातल्या माणसाला ही लेणी आठवतात, मुक्ताईनगर आठवते, इगतपुरीची विपश्यना आठवते. चर्च सहसा आठवत नाही. जळगाव-भुसावळ भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने उभ्या केलेल्या जुन्या मंडळ्या आहेत, १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात हा सगळा मुलूख येतो. तरीही ख्रिस्ती उपासना म्हणजे गाणी, प्रवचन आणि प्रार्थना, एवढेच चित्र लोकांच्या मनात असते. मनात प्रसंग उभा करून केलेले ध्यान ही ख्रिस्ती लोकांनी हल्ली पूर्वेकडून उचललेली गोष्ट, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे.

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक बास्क सरदार अंथरुणाला खिळला होता. त्याला हव्या होत्या शौर्यकथा. घरात सापडले ते संतचरित्रांचे पुस्तक आणि सॅक्सनीच्या लुडॉल्फचे ख्रिस्तचरित्र. सुवार्तेतला प्रसंग आपल्यादेखत घडतो आहे असे समजून वाचा, ही लुडॉल्फची शिकवण. सरदार म्हणजे इग्नेशियस लोयोला, पुढे येशुसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ मध्ये छापल्या गेल्या. सुमारे तीस दिवसांचा, चार ‘आठवड्यां’त विभागलेला हा क्रम आजही जगभर एकांतवासात पाळला जातो.

त्यातले ख्रिस्तजन्माचे ध्यान मुद्दाम बारकाईने पाहण्यासारखे आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता मनात आणायचा. तो किती लांब, किती रुंद, सपाट की डोंगरदऱ्यांतून जाणारा? मग जन्माची गुहा: ऐसपैस की अरुंद, छत उंच की ठेंगणे, आत सामान काय? या प्रश्नांची उत्तरे इग्नेशियस देत नाही. ती ज्याची त्याने शोधायची. शेवटी साधकाने स्वतः त्या गुहेत शिरायचे, एक गरीब नोकर म्हणून, आणि मरिया-योसेफाला काय हवे-नको ते पाहायचे. ऐकणे, वास, चव, स्पर्श, सगळी इंद्रिये कामाला लावायची. त्यानंतर ख्रिस्ताशी, मित्र मित्राशी बोलतो तसे बोलायचे. ही सारी खटपट त्या बोलण्यासाठी असते.

मराठीत ही दृष्टी फार लवकर आली. येशुसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लोकांना ऐकवण्यासाठी रचलेला. निरक्षर श्रोत्यापुढेही कानांवाटे बेथलेहेम उभे राहावे, अशी त्याची घडण आहे.

तीनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट बाजूने रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंग पुन्हा हाती घेतले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे पोचलो, असे ते मानत. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची पदे आज ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गायली जातात, पण त्यांतले ध्यान गाणाऱ्यांच्या चालीतच अडकून राहते, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात आलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी १९३० मध्ये ख्रिस्ती ध्यानावर पुस्तकच लिहिले. तेही चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी ग्रंथाच्या आधारे, जो प्रतिमा बाजूला सारायला सांगतो. म्हणजे चित्र धरणारे आणि चित्र सोडणारे, दोन्ही प्रवाह या परंपरेत जुनेच.

मुंबईत १९३१ साली जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी हे दोन्ही एकत्र आणले. पुण्यात सुरू झालेली त्यांची साधना संस्था पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ च्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकाचे भाग तीन: जाणीव, कल्पनाचित्र आणि भक्ती. त्यातली रिकाम्या खुर्चीची साधना कुणालाही जमेल. शेजारी खुर्ची ठेवायची, तिच्यावर ख्रिस्त बसला आहे असे समजून साध्या शब्दांत बोलायचे. प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्या आजारी माणसासाठी यापेक्षा सोपी वाट सापडणे कठीण.

आक्षेपही आले. अमेरिकेत डेव्ह हंट यांच्या १९८५ च्या पुस्तकाने कल्पनाचित्रांना जादूटोण्याच्या पंक्तीत बसवले. रोमने १९८९ च्या पत्रात तंत्रालाच अध्यात्म समजू नका, असे बजावले. मात्र इतर धर्मांतल्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकारू नयेत, हेही त्यात आहे. १९९८ मध्ये डिमेलोंच्या लेखनाविषयी रोमहून इशारा निघाला, तेव्हाही त्यांचे सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिल्याचे मान्य केले गेले. हंट यांची भीती अवास्तव असली तरी तिच्यात एक खरी गोष्ट आहे: मनातल्या ख्रिस्ताच्या तोंडी आपल्याच इच्छा घालणे सोपे असते. त्यावरचा उपाय इग्नेशियसने दिलेलाच आहे. आधी वचन, मग चित्र.

आणि चित्र दिसलेच नाही तर? आविलाच्या संत तेरेझा यांना मनात आकृती उभी करणे फारसे जमत नसे, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नोंदवले आहे. त्यांनी पुस्तकाचा, शेताचा, पाण्याचा, फुलांचा आधार घेतला. जामनेरच्या कांग नदीकाठी राहणाऱ्याला तो सहज मिळेल.

दिवाळी सरली की थोड्याच दिवसांत नाताळपूर्वीचा आगमनकाळ लागेल. जामनेर, पाचोरा, भुसावळच्या ख्रिस्ती घरांनी या वर्षी नाताळच्या तयारीत संध्याकाळची पंधरा मिनिटे काढावीत. लूकच्या सुवार्तेच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचने एकाने सावकाश मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावीत, आणि मग ज्याला जे दिसले ते त्याने सांगावे. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.