थंड झालेल्या जेलीचं वय

मे महिन्यात ठाण्यात किंवा डोंबिवलीत जिलेटिनची जेली ओट्यावर जमत नाही. जिलेटिन साधारण २९ अंशांच्या खाली आलं तरच जमतं आणि दुपारी आपल्या स्वयंपाकघरात पारा त्याच्या बराच वर असतो. चायना ग्रास चाळिशीच्या आसपासच जमतं आणि एकदा जमलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून उन्हाळ्यात तेच बरं. जिलेटिनला फ्रिज हवाच. पण फ्रिजमधून काढलेली जेली खरोखर जमून झालेली असते का?

या प्रश्नाच्या मागे भौतिकशास्त्र गेली काही दशकं लागलं आहे. १९७८ मध्ये नेदरलँड्सच्या स्ट्रुइक यांनी दाखवलं, की झटकन थंड केलेलं प्लॅस्टिक पुढेही हळूहळू कडक होत राहतं. त्याचं वर्णन करायला नुसतं तापमान पुरत नाही. थंड होऊन किती वेळ झाला, म्हणजे त्याचं वय, तेही सांगावं लागतं. १९९३ मध्ये कुग्लियांदोलो आणि कुर्चान या भौतिकशास्त्रज्ञांनी याला सैद्धांतिक पाया दिला. त्यांनी दाखवलं, की कणाची आपोआप होणारी थरथर आणि ढकलल्यावर तो देतो तो प्रतिसाद यांचं आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलेलं नातं अशा पदार्थांत मोडतं.

मला या प्रवासात सर्वांत देखणा वाटतो तो फ्रान्समधल्या लियाँचा प्रयोग. गोमेझ-सोलानो, पेत्रोस्यान आणि चिलिबेर्तो यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. जिलेटिनमध्ये दोन मायक्रोमीटर व्यासाचा सिलिकाचा मणी त्यांनी लेझरने धरून ठेवला. लेझरची शक्ती वाढवली की मण्याभोवतीचा एवढासा थेंब वितळे. कमी केली की बाजूच्या थंड जेलीमुळे तो मिलिसेकंदाच्या आत गार होई. मग जिलेटिनचे धागे एकमेकांत पिळले जाऊन जाळं विणू लागत. सुरुवातीच्या सेकंदांत मणी एरवीपेक्षा जास्त थरथरे आणि त्याच्याकडून भोवतालाकडे सरासरीने उष्णता जाई. काही मिनिटांत ही जादा थरथर ओसरे.

यातली खरी मेख मोजमापात होती. पाण्यातल्या कणाकडे तासभर पाहून सरासरी काढता येते. इथे तासाभरात जेलीच बदललेली असते! म्हणून तोच थेंब पुन्हा पुन्हा वितळवायचा, गार करायचा आणि प्रत्येक वेळी त्याच वयाच्या क्षणांची सरासरी घ्यायची. एवढ्या चिकाटीला मी मनापासून दाद देतो.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) पीएच.डी. केलेले योगेश जोशी कानपूरच्या आयआयटीत लॅपोनाइट या कृत्रिम मातीचं असंच वय अभ्यासतात. तिच्या सुमारे २५ नॅनोमीटरच्या चकत्या पाण्यात आपोआप गुंततात. जोरात ढवळलं की बरंचसं वय उतरतं. २०१५ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

आणि फ्रिजमधली जेली? तिचा घट्टपणा पहिल्या तासांत भराभर वाढतो, मग अगदी धिम्या गतीने, पण दिवसेंदिवस वाढतच राहतो. कालची जेली आजच्यापेक्षा दाताला जास्त लागते ती त्यामुळेच.