बियाण्याचं विधेयक कुठवर आलं?

"बियाण्याचा नवा कायदा झाला" असं चावडीवर कुणी सांगितलं, तर आधी विचारा, विधेयक कुठवर आलंय? ग्रामपंचायतीच्या संगणकावर संसदेच्या संकेतस्थळावर नाव शोधलं की कळतं. डिसेंबर २००४ मध्ये राज्यसभेत मांडलेलं बियाणे विधेयक समितीकडे गेलं, २००६ मध्ये अहवालही आला. कायदा काही झाला नाही.

पीक वाण संरक्षणाचं १९९९ चं विधेयक मात्र संयुक्त समितीतून तावून २००१ मध्ये कायदा झालं. त्यातल्या कलम ३९ मुळे घरचं बियाणं राखता, पेरता, विकताही येतं (संरक्षित वाण ब्रँड लावून नाही). समित्या बहुधा जाहिरात देऊन सूचना मागवतात. तेव्हाच ग्रामसभेचं म्हणणं पाठवावं. मंजुरीनंतरही राजपत्र पाहा. याच कायद्याची बरीच कलमं लागू व्हायला २००५ उजाडलं.