भरपाईतील वाटेकरी

गळीत हंगाम सुरू झाला की नातेपुत्याच्या पंचक्रोशीतील रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस सदाशिवनगर, माळीनगर, अकलूज या साखरेच्या गावांकडे निघतो. त्याच्या मागेपुढे मराठवाड्यातून आलेली कोयत्याची जोडपी, ट्रॅक्टरचालक आणि भराई करणारे मजूर यांच्या खोपी माळावर उभ्या राहतात. कारखान्याच्या दारात प्रत्येक वाहनाचे वजन होते आणि वजनाची पावती मिळते. काट्याविषयी तक्रारी होतात हे खरे. परंतु तक्रार करावयास निदान काटा असतो, पावती असते. याच हंगामात एखादी ट्रॉली उलटते, एखाद्याचा हात यंत्रात सापडतो. त्या हाताची किंवा त्या जिवाची जी भरपाई मिळावयाची, तिच्यातून वकिलाच्या पदरात किती पडले, याला मात्र ना काटा आहे, ना पावती.

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्याने कामगाराच्या माथी ठेवला नाही. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन तेथे ‘कर्मचारी’ आला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा सारा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हे नाव आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

भरपाईचे गणित सरळ आहे. मृत्यू ओढवल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरवून दिलेल्या गुणकाने गुणावयाचे. या हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेण्यात आली. वयाच्या तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे १५,००० रुपये वेतनाचा तीस वर्षांचा चालक दगावला, तर त्याच्या कुटुंबास १५,५९,८५० रुपये मिळावयास हवेत.

ही रक्कम कुटुंबाच्या हाती अखंड पोहोचावी यासाठी १९२३ च्या कायदेकर्त्यांनी जी दक्षता घेतली, ती आजही थक्क करणारी आहे. कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असे लिहून दिले, तरी ते लिखाण रद्दबातल. मालकाने आपसात तडजोड केली, तर ती आयुक्ताकडे नोंदविली पाहिजे, आणि रक्कम अपुरी वाटल्यास आयुक्ताने नोंदणी नाकारावी. सावकाराला या पैशावर जप्ती आणता येत नाही. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर कोणाच्या हाती न देता आयुक्ताकडे भरावयाची आणि त्याने ती वारसांत वाटून द्यावयाची. मालक, सावकार, लोभी नातेवाईक या सर्वांसाठी दारे बंद केली गेली. एक दार तेवढे किलकिले राहिले. ते वकिलाच्या मेहनतान्याचे.

समजा, त्या चालकाच्या विधवेला कोणी सांगितले की, ‘बाई, खर्च आम्ही करतो, तुम्ही काही देऊ नका, पैसे आले की तिसरा हिस्सा आमचा.’ तिला यात उपकारच दिसतो. निकाल लागतो, आणि तिसरा हिस्सा म्हणजे ५,१९,९५० रुपये होतात. वर सांगितलेल्या गणितात कुटुंबासाठी महिन्याकाठी धरलेली रक्कम ७,५०० रुपये आहे. म्हणजे सुमारे एकोणसत्तर महिन्यांचे त्या घरचे अन्न एका दाव्याच्या फीपोटी गेले. दावा किचकट होता की मालकाने पहिल्याच तारखेला रक्कम भरली, याचा त्या हिश्शाशी काहीच संबंध नसतो.

असा हिस्सा ठरविणे आपल्याकडे मुळातच निषिद्ध आहे. निकालावर अवलंबून असणारी फी ठरवू नये आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा स्पष्ट नियम आहे. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीचा निम्मा वाटा लिहून घेतला होता. ते व्यावसायिक गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच सांगितले. तरीही त्रेसष्ट वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच न्यायालयापुढे तेलंगणातील एका विधवेचे प्रकरण आले. पती १९९८ मध्ये रस्ते-अपघातात गेलेला. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणातला. वकिलाने दहा लाख रुपये घेतल्यावर आणखी तीन लाखांचा धनादेश लिहून घेतला, आणि तो न वटल्याने तिच्यावरच फौजदारी खटला भरला. न्यायालयाने तो खटला रद्द केला, रकमेच्या टक्केवारीवर फी घेणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सांगितले, आणि विधी आयोगाच्या १९८८ च्या १३१ व्या अहवालाचे स्मरण देऊन फीच्या नियमनाचा विचार व्हावा अशी अपेक्षा व्यक्त केली.

नियम आहे, निवाडे आहेत. मग अडते कोठे? अडते ते असे की, जे निषिद्ध ते कोणी कागदावर आणत नाही. करार तोंडी होतो आणि पैसे निकालानंतर, न्यायालयाच्या नजरेआड हात बदलतात. तक्रार करावयाची तर पुरावा नसतो. शिवाय ज्याने दावा जिंकून दिला त्याच्याविरुद्ध बोलणे आपल्या खेड्यातील बाईला कृतघ्नपणाचे वाटते.

येथे वकीलवर्गाची बाजूही न्यायाने पाहावयास हवी. नातेपुत्याहून सोलापूरचे कामगार न्यायालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अपघात कामावर झाला हे दाखवावयाचे, मुकादम व कारखाना यांपैकी मालक कोण याचा वाद लढवावयाचा, डॉक्टरची साक्ष काढावयाची, आणि समोर विमा कंपनीचा अनुभवी वकील. हे काम फुकटात होत नाही. फीवर आंधळेपणाने मर्यादा घातली तर काय होते, याचा धडा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने दिला आहे. तेथे कायद्याने फीची उतरंड ठरविली: पहिल्या ५,००० डॉलरांवर २० टक्के, पुढच्या ५,००० वर १५ टक्के, त्यापुढे १० टक्के. एका प्रकरणात वकिलाने १०७ तास खपून ८२२ डॉलरांचा लाभ मिळवून दिला. या कोष्टकाने त्याची फी तासाला दीड डॉलर ठरली. २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे कठोर बंधन घटनाबाह्य ठरविले. लहान रकमेच्या दाव्याला अशाने वकीलच मिळणार नाही, आणि वकिलाविना कामगाराचा हक्क कागदावरच राहील, हे त्यामागील मर्म होते.

दोन्ही अनुभवांतून एकच गोष्ट निघते. फी किती टक्के, हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणी ठरवावी आणि कोणी द्यावी, हे मुख्य. ती भरपाई ठरविणाऱ्या प्राधिकाऱ्यानेच, कामाचे स्वरूप व श्रम पाहून, निकालपत्रातच आकड्यांत नमूद करावी. मालकाने रक्कम वेळेवर न भरल्यामुळे दावा करावा लागला असेल, तर ती फी भरपाईतून न कापता मालकाकडून वरखर्च म्हणून वसूल व्हावी. यात क्रांतिकारक असे काही नाही. खर्च कोणावर टाकावा हे ठरविण्याचा अधिकार आयुक्ताला १९२३ च्या कायद्यानेच दिला होता, आणि विलंबासाठी १२ टक्के व्याज व भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही त्यात होता. भरपाई थेट वारसाच्या बँक खात्यात जावी, आणि वकीलपत्रासोबत ठरलेल्या फीचा मराठी कागद दाखल व्हावा. नव्या संहितेखाली नियम करताना महाराष्ट्र सरकारने या तीन गोष्टींचा विचार केला, तर कायदा करण्याची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर काहीच करता येणार नाही असे मात्र नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांनाही तो आहे. म्हणजे ज्या विधवेकडून तिसरा हिस्सा मागितला जातो, तिला वस्तुतः एक पैसाही द्यावा लागू नये. त्यासाठी तालुका न्यायालयाशी जोडलेल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. ही गोष्ट खोपीपर्यंत पोहोचत नाही, हेच खरे दुखणे आहे.

ती पोहोचविण्याचे काम कोणाचे? ऊसतोडणी मजुरांची मुले ज्या शाळेत हंगामापुरती येऊन बसतात तेथील शिक्षकाचे, दाखला देणाऱ्या कचेरीतील कारकुनाचे, कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे. अपघाताचा दिवस, मजुरीचा आकडा, मुकादमाचे व कारखान्याचे नाव, साक्षीदार एवढे एका कागदावर वेळीच लिहून ठेवले, तर अर्धा दावा उभा राहतो. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, ही मुदत टळली म्हणून बुडालेला हक्क कोणत्याही वाटेकऱ्याने खाल्लेल्या हिश्शापेक्षा मोठा असतो.

आपल्या उसाचे वजन आपल्यासमोर व्हावे यासाठी या तालुक्यातील शेतकरी जागरूक असतो, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या कोयत्याने तो ऊस तोडला आणि ज्याच्या ट्रॅक्टरने तो वाहिला, त्याच्या जिवाची किंमत ठरते तेव्हाही तिचे वजन उघड्यावर व्हावे आणि त्याच्या विधवेच्या हाती पावती पडावी. याहून अधिक काही मागण्याचे कारण नाही. याहून कमीवर समाधान मानणे मात्र न्यायाला धरून होणार नाही.